खळ लावलेल्या चटया

आमच्या नानांना कुणी ‘जेवा’ म्हटलं नाही तर ते भरल्या ताटासमोर उपाशी बसून राहतील, असं आई म्हणायची. आईला वाढवून सांगायची सवय होती, हे खरं. पण नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या एका कापडगिरणीत बावीस वर्षं मागावर होते आणि त्या बावीस वर्षांत सांगितल्यापेक्षा एक दोरासुद्धा त्यांनी जास्त सांधला नाही, हे ते स्वतःच छाती फुगवून सांगत. “जितलं सांगं तितलंच करानं. जास्ती हात लावा का माणूस गुतना,” हा त्यांचा मंत्र. शेजारच्या मागावर कापड फाटत चाललेलं दिसलं तरी नाना आपल्या मागासमोर सरळ उभे. का? तर तो माग त्यांचा नाही. या शिस्तीवर साहेब लोक खूश होते म्हणे. आई म्हणायची, साहेबांना नाना आणि मागाची लोखंडी चौकट यांत फारसा फरक कळत नसेल, म्हणून खूश असतील.

आई नेमकी उलटी. तिला कुणी काही सांगायची वाटच ती पाहत नसे. स्टोव्ह बिघडला की स्वतः खोलायची, पुन्हा जोडताना एखादा भाग उरायचा, आणि स्टोव्ह त्या भागाशिवाय आधीपेक्षा बरा पेटायचा. जळगावच्या मेहरूणला आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यातच कोणत्या नळाच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते, कोणत्या चक्कीवाल्याचं पीठ कढत येतं आणि भरताची वांगी कुणाकडून घ्यायची, याचा तिनं छडा लावला होता. शेजारणी तिला विचारून बाजार करू लागल्या. नाना मात्र त्याच आठवड्यात तलावाकडं जाणारा रस्ता कोणता, एवढंही कुणाला विचारायला बाहेर पडले नव्हते.

मेहरूणला आलो कारण गिरणी बंद पडली. ती कशी पडली, कुणामुळं पडली, यावर धुळ्यात अजूनही चहाच्या टपरीवर भांडणं होऊ शकतात, म्हणून मी त्यात पडत नाही. आमच्यापुरतं एवढंच खरं की एके दिवशी भोंगा वाजला नाही, आणि नानांना पुढं काय करायचं ते सांगणारं कुणी उरलं नाही. मामानं जळगावात दोन खोल्या बघून दिल्या. त्यांतल्या पुढच्या खोलीत खाट टाकली आणि नाना तिच्यावर पडले ते दीड वर्ष. सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला मात्र बरोबर उठायचे, मिश्री लावायचे, तोंड धुवायचे, केस विंचरायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. आई आम्हांला डोळा घालून म्हणायची, “पाळीवर गयात तुन्हा नाना.” आम्ही हसायचो. पण हसून झाल्यावर आई चुलीकडं तोंड फिरवायची, आणि तिकडं ती बराच वेळ फुंकर मारत बसायची. चूल पेटलेलीच असायची.

नाना तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. आज माझा धाकटा भाऊ त्याहून मोठा आहे आणि परवा त्यानं पोहायचा क्लास लावला. शेहेचाळिशीचा माणूस भिंतीकडं तोंड करून पडतो, खाणं टाकतो, बोलणं टाकतो, आणि विचारलं तर म्हणतो, “माले एकच काम येस, आनि ते काम आते जगमां नही,” याचा अर्थ त्या वयात मला नीट कळत नव्हता. भीती मात्र नीट वाटायची. असेच पडून पडून नाना एके दिवशी संपून जातील, असं मला रोज वाटायचं. मी ते कुणाला बोलले नाही.

त्याच सुमाराला मला एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटयांच्या कारखान्यात काम लागलं. मागावर बायका घ्यायचा तिथं नवाच प्रयोग चालू होता, आणि आमची सहाजणींची पहिली तुकडी. चटईचं विणकाम कापडाचंच धाकटं भावंड; उभे प्लॅस्टिकचे दोरे ताणलेले आणि त्यांच्यातून आडवी रंगीत काडी जाते, फणी येऊन ती ठोकून बसवते. खडाक्-फट्, खडाक्-फट् असा आवाज दिवसभर. पत्र्याची शेड, चैत्र-वैशाखाचा महिना आणि पश्चिमेच्या खिडक्यांतून झळा. दुपारी बाराला शेडमध्ये उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. माझ्या शेजारच्या मागावर भागाअक्का होत्या. असोद्याच्या, रोज बसनं यायच्या, डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा आणि पिशवीत घरच्या केळीचा घड, तो अख्ख्या शेडला पुरायचा. त्यांचं डोकं रोज दुपारी दुखायचं आणि त्या पदराची पट्टी कपाळाला आवळून काम करायच्या. “माह्यं डोकं आन् हा माग, दोन्हीबी बरोबरच ठोकतात,” असं म्हणायच्या.

आम्हांला सगळ्यांत जास्त छळायचे ते तुटणारे दोरे. दुपार चढली की उभे दोरे एकमेकांना चिकटायचे, गुंता व्हायचा, दोरा तुटायचा, माग थांबवा, गाठ मारा, पुन्हा चालवा, की पुढचा तुटलाच. आमच्या शेडचे फिटर पाटील मिस्त्री फार कडक. मागाला बोट लावायचं नाही, दोरा तुटला की सांधायचा, बाकी सगळं त्यांना सांगायचं. पण सांगितलं की ते म्हणायचे, “उन्हाळ्यात तुटतोच.” हे उत्तर मला घरचंच वाटायचं. नानाच जणू हातात पाना घेऊन मिस्त्री झाले होते, एवढाच फरक.

मी आईवर गेलेली. मला राहवेना. एका संध्याकाळी पिठलं-भाकरी खाताना मी नानांना विचारलं की मिलमध्ये दोरा तुटत होता का. नाना भिंतीकडं तोंड करून होते. मग भिंतीनंच उत्तर दिलं, “खळ नही लावी व्हई.”

मी विचारलं, खळ म्हणजे काय. नाना अंगावरची चादर सारून अर्धे उठले. सुताला पिठाची पेज लावतात, तिला खळ म्हणतात. खळीशिवाय सूत म्हणजे तेलाशिवाय केस. खळ पातळ झाली तर दोरा लवलवतो, घट्ट झाली तर कडकडतो. असं ते हातवारे करत सांगत राहिले. आई भाकरी थापायची थांबली. दीड वर्षात नाना एका दमात एवढी वाक्यं बोलले नव्हते. त्या आनंदात प्लॅस्टिकचा दोरा म्हणजे कापसाचं सूत नव्हे, हा साधा विचार आम्हां तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. नानांनी प्लॅस्टिकचा माग कधी बघितलेला नव्हता, आईला पीठ ढवळायला मिळत होतं, आणि मला नाना बसलेले दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मी तुपाच्या रिकाम्या डब्यात ज्वारीच्या पिठाची खळ घेऊन कारखान्यात गेले. आईनं ती गाळून दिली होती आणि सवयीनं चिमूटभर मीठही घातलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्यावर मी जुन्या धोतराच्या बोळ्यानं उभ्या दोऱ्यांना ती चोपडली. आणि काय सांगू, दोरा तुटायचा थांबला! तासभर तर एकही नाही. मग खळ वाळली की पुन्हा सुरू. की मी मिस्त्रींची पाठ वळलेली बघून पुन्हा बोळा फिरवायची. चार दिवस मी हा उद्योग केला. मागाखाली पांढरा कोंडा पडायचा, तो मी झाडून टाकायची. घरी जाऊन नानांना सांगायची, “थांबी गया!” नाना म्हणायचे, “थांबीच.” आणि अर्धी भाकरी जास्त खायचे. त्या चार दिवसांत मला कुणी राणीचं सिंहासन दिलं असतं तरी मी मागावरून उतरले नसते.

पाचव्या दिवशी सकाळी गोदामातून आरडाओरडा झाला. रात्रीत उंदरांनी चटया खाल्ल्या होत्या. उंदीर गोदामात नवे नव्हते, पण प्लॅस्टिक कोण खातो? गंमत अशी की इतर सगळ्या मागांच्या चटयांना त्यांनी तोंडही लावलं नव्हतं. फक्त माझ्या मागाच्या चटया निवडून, उभे दोरे कुरतडून, नुसत्या काड्यांचे ढीग करून ठेवले होते. उरलेल्यांवर मुंग्यांची रांग. पाटील मिस्त्रींनी एक चटई नाकाशी धरली, भागाअक्कांच्या नाकाशी धरली. अक्का भोळेपणानं म्हणाल्या, “भाकरीचा वास येतो हो!” मग माझा डबा सापडला. माझी फणी उघडली तर दातांदातांत पीठ वाळून बसलेलं, घासलं तरी निघेना.

आमच्या जावईबापूंच्या कंपनीत हल्ली पुढाकार कसा घ्यावा याचं दोन दिवसांचं शिबिर असतं. हॉटेलात, जेवणात तीन प्रकारचं गोड. मी त्यांना विचारलं, उंदरांचा धडा असतो का? नसतो म्हणाले. मग ते शिबिर अर्धंच.

कारखाना चालवायचे ते लहान शेठ. तिशीचे, बोलायला मऊ. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून एवढंच सांगितलं, “उद्या घरच्या मोठ्या माणसाला घेऊन ये.” बाईमाणसाला कामावरून काढायचं तर तिच्या घरच्यांना बोलावून सांगायचं, अशी तिथली रीत. मी रडत घरी आले. आईला वाटलं कुणी गेलं. सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, आई, तू चल. आईनं परात बाजूला सारली आणि नानांच्या खाटेकडं बघत म्हणाली, “मी कसाले जाऊ? मी फक्त पीठ ढवळं. खळ लावानी अक्कल कोनी दिधी, त्याले ले जा.” नाना भिंतीकडं तोंड करूनच होते. आईनं परात पुन्हा ओढून घेतली.

सकाळी नाना नेहमीसारखे उठले, मिश्री लावली, तोंड धुतलं, केस विंचरले. आणि आडवे झाले नाहीत. पेटीतला धुतलेला सदरा काढला. आम्ही दोघं चालत एमआयडीसीत गेलो. वाटेत ते एकदाच बोलले, “तू काही बोलू नको.”

केबिनमध्ये त्यांनी हात जोडले. “शेठ, चूक मन्ही शे. खळ मी सांगी व्हती. पोरले काढू नका, ती मन्हं ऐकीसन गुतनी.” लहान शेठांनी विचारलं, तुम्ही कुठं कामाला असता. नाना म्हणाले, “मिलमां व्हतू. आते कोठेच नही.” हे म्हणताना त्यांची मान अशी खाली गेली की मला त्यांच्या डोक्यावरचे नुकते विंचरलेले केस दिसले. माझी नोकरी गेली तरी चालेल, पण यांना इथून लवकर बाहेर काढावं, असं मला वाटलं.

शेठ “बघू” म्हणाले आणि आम्ही निघालो. बाहेर जायची वाट शेडमधूनच होती. दोन माग ओलांडले आणि नाना थांबले. आवाज ऐकत राहिले. मग भागाअक्कांच्या चालत्या मागाजवळ गेले आणि उभ्या दोऱ्यांच्या वर चार बोटांवर नुसता हात धरला. घासलेल्या कंगव्याकडं ओढले जावेत तसे हाताचे पांढरे केस सरळ उभे राहिले. हात मागं घेतला, केस बसले. पुन्हा धरला, पुन्हा उभे. मिस्त्री ओरडत आले, “ओ, हात काढा!” नाना त्यांच्याकडं न बघता म्हणाले, “दोरा कोरडा ठणठणीत व्हई गया, म्हनीसन चिकटस. पोरनं काम खळमुये थोडंच व्हयनं? खळमां पानी व्हतं, त्यामुये व्हयनं. मिलमां दिनभर पानी उडाडेत. आठे नुसती आग शे.”

लहान शेठ केबिनच्या दारातून ऐकत होते. ते पुढं आले. “मग काय करायला पाहिजे, नाना?”

नाना गडबडले. “मी कसं सांगू? तुम्ही सांगा, मी करस.”

शेठ हसले. “बरं, मी सांगतो. तुम्हांला जे करावंसं वाटतं ते करा. दुपारपर्यंत.”

नानांनी गोदामातून रिकामी गोणपाटं काढायला लावली. दोन-दोन जोडून सुतळीनं शिवली, हौदात बुडवली आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर लटकवली. झळ आत येताना गार होऊन यायला लागली. घटकाभरात शेडमध्ये ओल्या गोणपाटाचा वास पसरला आणि गुंता कमी झाला. पाटील मिस्त्री एकदा या मागाशी, एकदा त्या मागाशी जाऊन उगाचच पाना आपटत होते. भागाअक्कांनी कपाळावरची पट्टी सोडली. “नाना, माह्यं डोकं आज दोन महिन्यांनी माह्यं झालं,” त्या म्हणाल्या. माझी नोकरी राहिली. शिक्षा म्हणून उंदरांनी सोडलेल्या काड्या आठवडाभर पाळी सुटल्यावर निवडत बसायचं, आणि पुन्हा काही सुचलं तर आधी मिस्त्रींना सांगायचं. पुढं मी याच धंद्यात जन्म काढला, चार कारखाने पाहिले, तीन बंद पडलेले पाहिले, आणि दर वेळी कुणीतरी दुसरीकडून बोलावून नेलं. पण सुचलं की आधी सांगायचं आणि एकाच मागावर करून बघायचं, हे मी त्या काड्या निवडताना शिकले.

निघताना लहान शेठ नानांना म्हणाले, “उद्यापासून या.” नानांनी विचारलं, काम काय. शेठ म्हणाले, “ते तुम्हीच शोधा.”

तिथंच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी नाना उठले, केस विंचरले आणि आडवे झाले. “काम शोधा म्हणे! काम काय कोठे पडी गयं का, ते मी शोधू?” तिसऱ्या दिवशीही तेच. आई समजावून थकली. शेवटी तिनं भांडण काढलं, तेही एकटीनंच. मला पहिल्यांदाच कळलं की नानांना आळस नव्हता, नाना घाबरले होते. सांगितलेलं चुकलं तर सांगणाऱ्याची चूक. स्वतः शोधलेलं चुकलं तर कुणाची? बावीस वर्षं ज्या भिंतीला टेकून ते उभे होते ती कुणीतरी काढून घेतली होती, आणि हा मऊ बोलणारा पोरगेला शेठ त्यांना म्हणत होता, पळा.

ते दोन दिवस गोणपाटं मीच भिजवत होते. चौथ्या दिवशी मी भिजवली नाहीत. मुद्दामच. भागाअक्कांनी दुपारी पुन्हा पट्टी बांधली आणि मला वाईट वाटलं, पण मी डोळे झाकून घेतले. संध्याकाळी जेवताना मी आईला, पण नानांना ऐकू जाईल अशा बेतानं, सांगितलं की आज दोरे फार तुटले. गोणपाटं कोरडी होती.

नाना भिंतीकडून वळले. “मंग भिजाडी का नही?”

मी भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं, “माले कोनी सांगंच नही, नाना.”

आईनं पदर तोंडात कोंबला. नाना माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ताट भिरकावतील. पण ते पुन्हा भिंतीकडं वळले. त्या रात्री मला माझ्या जिभेची लाज वाटली, आणि अजूनही थोडी वाटते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ऊन चढत होतं, झळा सुरू झाल्या होत्या, आणि शेडच्या दारात नाना उभे राहिले. धुतलेला सदरा नव्हता, घरातलाच होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, मिस्त्रींकडं पाहिलं नाही, केबिनच्या काचेकडं तर नाहीच. सरळ हौदाकडं गेले, बादली उचलली आणि भरायला लागले. मिस्त्री “ओ, कोणी सांगितलं—” म्हणून पुढं झाले, तर काचेमागून शेठांनी त्यांना हातानंच थांबवलं. नाना पहिल्या खिडकीपाशी आले, गोणपाटावर पाणी ओतलं, मागं सरून पाहिलं, आणि सुतळीची गाठ मनाला पटली नाही म्हणून सोडून पुन्हा मारली. मग दुसऱ्या खिडकीकडं गेले.

त्या पाळीत माझ्या मागावर कितीतरी दोरे तुटले असतील. मला एकही दिसला नाही.